शीतकाळातील व्यायाम आणि वस्त्रयोजना : स्वेदवह स्रोतसाच्या दृष्टीने एक विचार

मार्गशीर्ष लागला की भोर तालुक्यातील भोंगवली आणि आसपासच्या गावांतील पहाटेचे चित्र बदलते. पोलीस व सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली अंधारातच रस्त्याला लागतात. मधुमेहाचे निदान झालेले मध्यमवयीन गृहस्थ कानटोपी आणि मफलर गुंडाळून चालावयास निघतात. स्त्रिया साडीवर घरातील कोणाचा तरी जुना स्वेटर चढवून दोघी-तिघी मिळून फेरी मारतात. सुट्टीच्या दिवशी राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर या बाजूस जाणाऱ्या तरुणांची वर्दळही याच दिवसांत वाढते. शीतकाळ हा बलवृद्धीचा काळ असल्याने हे सर्व शास्त्रसंमतच आहे.

ही मंडळी चिकित्सालयात येतात तेव्हा काय खावे, कोणते तेल लावावे, किती चालावे हे विचारतात. अंगावर काय घालावे हे सहसा कोणी विचारीत नाही आणि आम्हीही सांगत नाही. फार तर ‘थंडी आहे, गरम कपडे घालून जा’ एवढे बोलून आम्ही पुढील रुग्णाकडे वळतो. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे, आणि काही रुग्णांच्या बाबतीत तो अपायकारक ठरू शकतो, हे मांडण्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

हा विचार आम्हांस एका रुग्णामुळे करावा लागला. पंचेचाळिशी ओलांडलेले, स्थूल शरीराचे, मधुमेहासाठी आधुनिक गोळ्या घेणारे एक गृहस्थ आमच्या सल्ल्याने पहाटे भरभर चालू लागले होते. पौषातील एका पहाटे त्यांनी बाजारातून आणलेला घाम आणणारा प्लॅस्टिकचा सूट अंगात घातला, त्यावर जाड स्वेटर चढविला आणि नेहमीपेक्षा अधिक अंतर गाठले. अर्ध्या तासाने त्यांना भोवळ आली, हातपाय कापू लागले. सोबतच्या माणसाने वेळीच साखर खाऊ घातली म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “वैद्यबुवा, घाम येत होता तो चरबी वितळल्याचा असे मी समजलो. गरम कपडे घालायला तर तुम्हीच सांगितले होते.” त्यांचे म्हणणे खरे होते. सल्ला देताना आम्ही जे सांगावयास हवे होते ते सांगितले नव्हते.

ग्रंथोक्त वस्त्रविचार

शीतकाळातील वस्त्रांविषयी आपल्या ग्रंथांत पुरेसे मार्गदर्शन आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात हेमंतचर्या सांगताना जाड, उबदार वस्त्रे व अगुरूचा लेप यांचा उल्लेख केला आहे. शय्या व आसन यांसाठी प्रावार, अजिन, कौशेय इत्यादी आच्छादने सांगितली आहेत. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्याध्यायात जवळपास तीच आच्छादने देऊन एक महत्त्वाचा भेद केला आहे. अंगावर घ्यावयाचे पांघरूण स्वभावतः उष्ण, परंतु वजनाने लघु असावे असे ते सांगतात. त्याच ठिकाणी सूर्यकिरणांचे युक्तिपूर्वक सेवन आणि पादत्राणांचा नित्य वापर यांचाही निर्देश आहे.

भावप्रकाशात वस्त्रांचा विचार द्रव्य आणि वर्ण या दोन्ही अंगांनी येतो. रेशमी, लोकरी व तांबड्या रंगाचे वस्त्र वातकफहर म्हणून शीतकाळी, काषाय वस्त्र पित्तघ्न म्हणून उष्णकाळी आणि शुभ्र वस्त्र फार उष्ण नाही व फार शीतही नाही म्हणून वर्षाकाळी योजावे, असा त्याचा आशय आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. चरकोक्त ‘गुरु आणि उष्ण’ वस्त्र आणि वाग्भटोक्त ‘उष्ण परंतु लघु’ प्रावरण हे दोन्ही निर्देश प्रामुख्याने निवास, आसन व शयन यांच्या संदर्भातील आहेत. व्यायाम करीत असतानाचे वस्त्र हा त्यांचा विषय नव्हे. त्या काळी व्यायाम तेल लावलेल्या, जवळजवळ उघड्या अंगाने होत असे. हेमंतात वातघ्न तैलाचा अभ्यंग आणि कुशल मल्लांबरोबर अर्धशक्तीने कुस्ती हा वाग्भटांनी सांगितलेला क्रम याचीच साक्ष देतो. बसलेल्या माणसासाठी सांगितलेले वस्त्र धावणाऱ्या माणसाच्या अंगावर चढविण्याची चूक आपल्या हातून होते ती येथे.

दोन स्वेद एकाच वेळी

या विषयाचे मर्म आम्हांस चरकसंहितेच्या स्वेदाध्यायात सापडले. तेथे अग्नीच्या साहाय्यावाचून होणारे दहा स्वेद दिले आहेत. व्यायाम, उष्णसदन, गुरुप्रावरण, क्षुधा, बहुपान, भय, क्रोध, उपनाह, आहव आणि आतप हे ते होत. या यादीत व्यायाम आणि गुरुप्रावरण, म्हणजे जड पांघरूण, हे दोन स्वतंत्र स्वेद म्हणून मोजले आहेत. जाड स्वेटर, त्याखाली बनियन आणि वर न फिरकणारा कोट घालून जो धावतो तो एकाच वेळी दोन स्वेद घेत असतो. त्यांची मात्रा कोणी ठरविलेली नसते आणि पूर्वकर्म व पश्चात्कर्म यांचाही पत्ता नसतो. याच अध्यायात स्वेदन झालेल्या व्यक्तीने त्या दिवशी व्यायाम टाळावा असे सांगितले आहे. येथे तर दोन्ही क्रिया एकावर एक चढविल्या जातात.

आता स्वेदास अयोग्य कोण, ते पाहू. गर्भिणी, रक्तपित्ती, रूक्ष, श्रांत, तृषित, क्षुधित, दुर्बल यांच्या पंक्तीत चरकाचार्यांनी मधुमेही आणि स्थूल यांचीही गणना केली आहे. दुसरीकडे संतर्पणजन्य प्रमेह व स्थौल्य यांच्या चिकित्सेत व्यायाम हे प्रमुख अंग आहे. वरवर पाहता हा विरोध वाटतो. परंतु वस्त्राचा विचार केला की तो सुटतो. या रुग्णांस व्यायाम हवा आहे, गुरुप्रावरणाचा स्वेद नको आहे. त्यांना चालावयास सांगताना अंगावरील ओझे कमी करण्यास सांगणे हा औषधयोजनेचाच भाग होय. आमच्या रुग्णात दिसलेली भोवळ, अंगदौर्बल्य व तृष्णा ही अतिस्वेदाच्या लक्षणांशी जुळत होती आणि त्याच वेळी रक्तातील साखर उतरल्याचेही ते निदर्शक होते.

स्वेद हा मेदाचा मल असल्याने अधिक घाम म्हणजे अधिक मेदक्षय, असा युक्तिवाद अनेक रुग्ण करतात. काही विक्रेतेही तो ग्राहकांपुढे मांडतात. शास्त्राधाराने तो टिकत नाही. मल बाहेर पडणे आणि धातू झिजणे या भिन्न गोष्टी आहेत. घामाने शरीरातील उदक जाते. दोन तांबे पाणी प्याल्यावर काट्यावरील वजन पूर्ववत होते. मेदाचा क्षय व्यायामाच्या कर्माने होतो, प्लॅस्टिकच्या आवरणाने नव्हे.

याचा टोकाचा परिणाम अमेरिकेत दिसून आला. १९९७ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरात तेथील तीन महाविद्यालयीन मल्ल स्पर्धेच्या वजनगटात बसण्यासाठी झटपट वजन उतरविताना दगावले. बाष्प बाहेर न जाऊ देणारे सूट घालून उष्ण जागेत व्यायाम करणे आणि पाणी न पिणे ही पद्धत तिघांच्याही बाबतीत आढळली. त्यानंतर १९९८च्या आरंभी तेथील महाविद्यालयीन क्रीडासंस्थेने अशा सूटांवर बंदी घातली. कुस्तीची परंपरा असलेल्या आपल्या जिल्ह्यातील तालमींनी आणि भरतीपूर्व प्रशिक्षण घेणाऱ्या मुलांनी हे उदाहरण विसरू नये.

अर्धशक्तीची खूण आणि वस्त्र

शीतकाळी व वसंतात बलवान आणि स्निग्ध भोजन करणाऱ्या व्यक्तीने अर्धशक्तीने व्यायाम करावा, हा नियम आपण सर्व जण सांगतो. अर्धशक्ती ओळखावयाची कशी? हृदयस्थ वायू मुखावाटे येऊ लागणे ही खूण सुश्रुतसंहितेत आहे. ललाट, नासा, कक्षा आणि हातापायांचे संधी येथे घाम येणे व मुखशोष होणे या खुणा परंपरेने तिच्यासोबत मानल्या आहेत.

वस्त्र चुकले की ही मोजपट्टीच चुकते. अंगावर अतिरिक्त आवरण असेल तर पाच मिनिटांतच कपाळ व काखा भिजतात आणि श्वास मात्र संथ असतो. हा घाम व्यायामाचा नसून वस्त्राचा असतो. आपली अर्धशक्ती झाली असे समजून रुग्ण थांबतो व त्यास व्यायामाचा लाभ होत नाही. याउलट कोरड्या बोचऱ्या वाऱ्यात अगदी अपुऱ्या कपड्यांनी धावणाऱ्याचा घाम जागच्या जागी वाळतो. खूण दिसत नाही म्हणून तो अर्धशक्तीच्या पुढे जातो आणि तृष्णा, श्रम, क्लम, कास, ज्वर ही अतिव्यायामाची लक्षणे घेऊन आपल्याकडे येतो. म्हणून शीतकाळात रुग्णास घामाबरोबर श्वासाचीही खूण सांगावी. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईनासे झाले की गती कमी करावी, हा सोपा निकष कोणासही कळतो.

मधुमेही रुग्णांत आणखी एक धोका संभवतो. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांत साखर अति कमी होऊ लागली की गार घाम, कंप व धडधड ही पूर्वसूचना मिळते. जाड कपड्यांत आधीच घामेजलेल्या माणसास ही सूचना वेगळी ओळखता येत नाही. आमच्या रुग्णाच्या बाबतीत नेमके हेच घडले.

वस्त्रद्रव्यांचे गुण

आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाची माहिती या विवेचनास पूरक आहे. स्नायू खर्च करतात त्या ऊर्जेपैकी साधारण चतुर्थांश भागच प्रत्यक्ष कार्यात येतो. उरलेल्या तीन-चतुर्थांशाची उष्णता होते. धावणारा माणूस स्वतःच शेगडी असतो. ही उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घामाचे बाष्पीभवन हा असून एक लिटर घाम पूर्णपणे वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. बाष्प कोंडले की हा मार्ग बंद होतो.

दुसऱ्या बाजूने, पाणी हे हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. व्यायाम चालू असेतो ओल्या बनियनचा त्रास जाणवत नाही. शेगडी विझली, म्हणजे माणूस थांबला, की तेच ओले वस्त्र अंगातील ऊब ओढून घेऊ लागते. ‘धावताना काही झाले नाही, घरी आल्यावर कणकण आली’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. स्वेदवह स्रोतसांच्या दुष्टीची कारणे सांगताना चरकाचार्यांनी अतिव्यायाम व अतिसंताप यांच्या जोडीस शीत आणि उष्ण यांचे क्रम सोडून केलेले सेवन ठेवले आहे. घामाघूम अंगाने गार वाऱ्यात उभे राहणे हे त्याचे रोजचे उदाहरण होय. शीतपित्ताच्या संप्राप्तीतही शीत वाऱ्याचा स्पर्श हेच आरंभीचे कारण माधवनिदानात दिले आहे.

द्रव्यांचा विचार केला तर कापूस मृदू व त्वचेस सात्म्य असला तरी घाम शोषून धरून ठेवतो आणि सावकाश वाळतो. सामान्य आर्द्रतेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे आठ टक्के, तर लोकर सुमारे सोळा टक्के बाष्प सामावून घेते. शिवाय लोकर ओलसर झाली तरी तिच्या तंतूंमध्ये हवा टिकून राहते आणि ती एकदम गार पडत नाही. भावप्रकाशाने लोकरी वस्त्रास वातकफहर म्हटले आहे, त्यास हा चांगला दुजोरा मिळतो. पॉलिएस्टर जवळजवळ काहीच शोषत नाही. जाळीदार विणीचे पातळ पॉलिएस्टर घाम बाहेर ढकलून लवकर वाळते म्हणून धावणाऱ्यांस सोयीचे असते. दाट विणीचे मात्र अंगास चिकटून बसते. ते न धुता पुनःपुन्हा वापरल्यास दुर्गंधी व दद्रू यांस निमंत्रण मिळते.

आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी हे शीतकाळाचे परंपरागत वस्त्र आहे. ती जाड, खरखरीत व वजनदार असते. ती अंगावर घेऊन धावता येणार नाही. परंतु व्यायामानंतर खांद्यावरून घेण्यास तिच्याइतके योग्य आच्छादन शोधून सापडणार नाही.

आपल्या भागातील थंडी

पुण्याच्या हवामान-नोंदींत १७ जानेवारी १९३५ रोजी तापमान १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे. परंतु तो अपवाद होय. सामान्यतः जानेवारीच्या पहाटे पारा १० ते १२ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी तोच ३० अंशांजवळ जातो. थोडक्यात, आपली थंडी अल्पकाळ टिकणारी आणि उन्हाबरोबर झपाट्याने ओसरणारी आहे. परदेशी बर्फाळ प्रदेशांसाठी तयार केलेले कापूस वा पिसे भरलेले जाकीट येथे व्यायामास निरुपयोगी ठरते. काढता येतील असे दोन पातळ थर हीच येथील गरज आहे.

तालुक्यातील देशभेदही लक्षात घ्यावा. पश्चिमेकडील डोंगरखोऱ्यांत पाऊस व दव अधिक. पूर्वेकडे, पुणे-सातारा महामार्गाच्या बाजूस, हवा तुलनेने कोरडी. पश्चिमेस कफाचा आणि पूर्वेस वातरूक्षतेचा विचार अधिक करावा लागतो. उंचीने तापमान उतरते. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश हे त्याचे ढोबळ मान आहे. तोरणा सुमारे १४०० मीटर उंच असल्याने पायथ्याशी घाम आलेल्यास माथ्यावरील वाऱ्यात हुडहुडी भरते. निरभ्र व निवांत पहाटे मात्र याच्या उलटही घडते. जड गार हवा उताराने खाली येऊन नदीकाठी साचते आणि नीरेच्या खोऱ्यातील सखल जागा वरच्या माळापेक्षा अधिक गार असते. श्वासाच्या रुग्णांनी अशा पहाटे नदीकाठ टाळून माळावरील जागा निवडावी.

वाऱ्याचाही हिशेब धरावा. १० अंश तापमानात दुचाकीवरून ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या त्वचेस सुमारे ६ अंशांसारखा गारवा जाणवतो. मैदानावर धावून ओल्या अंगाने तसेच गाडीवरून घरी येणाऱ्या मुलांना हे आवर्जून सांगावे.

वस्त्रयोजना : पूर्व, प्रधान व पश्चात्

व्यायाम हा स्वेद मानल्यावर त्याच्या वस्त्रांची मांडणीही त्रिविध कर्मांच्या क्रमाने करणे आम्हांस सोयीचे वाटले.

पूर्वकर्म. अभ्यंग केला असल्यास तेल चांगले जिरवावे व अतिरिक्त तेल जुन्या सुती कापडाने पुसून घ्यावे. तेलकट अंगावर लोकर किंवा घट्ट पॉलिएस्टर चढवू नये; तेल, धूळ व घाम मिळून रोमकूप बुजतात. अंगालगत पातळ, किंचित सैल आणि लवकर वाळणारे वस्त्र असावे. त्यावर पातळ स्वेटर किंवा पुढून उघडणारे जाकीट घ्यावे. डोक्यावरून काढावे लागणारे कपडे वाटेत काढले जात नाहीत, म्हणून पुढून उघडणारे बरे. घराबाहेर पाऊल टाकताना किंचित थंडी वाजली पाहिजे. उंबऱ्यातच ऊब वाटत असेल तर एक थर जास्त झाला असे समजावे.

प्रधानकर्म. पहिल्या आठ-दहा मिनिटांत अंग तापले की बाहेरील थर उघडावा किंवा काढून कमरेस बांधावा. घाम सुटल्यावर नव्हे, तर सुटण्याआधी थर कमी करणे ही यातील युक्ती आहे. कान व बोटे झाकावीत. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते हा समज खरा नाही; डोक्याच्या पृष्ठभागाच्या प्रमाणातच ती जाते. तथापि शिर हे उत्तमांग आणि कर्ण वातास संवेदनशील, म्हणून पातळ कानटोपी युक्तच आहे. रस्त्यावर चालणाऱ्याने ती इतकी जाड घेऊ नये की मागून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू येणार नाही.

पश्चात्कर्म. आमच्या मते सर्वाधिक दुर्लक्ष येथेच होते. व्यायाम थांबताच वाऱ्यापासून आडोशास यावे, ओले अंतर्वस्त्र बदलावे, कोरड्या पंचाने अंग पुसावे आणि मग जाड वस्त्र, शाल किंवा घोंगडी घ्यावी. चरकोक्त गुरु-उष्ण वस्त्राची योग्य वेळ ही आहे. श्वास व घाम शांत झाल्यावर कोमट पाण्याने स्नान करावे. मैदानावर जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पिशवीत एक कोरडे बनियन असावे. यास खर्च जवळजवळ नाही आणि लाभ मोठा आहे.

व्यक्तिपरत्वे विशेष

वातप्रकृतीच्या, कृश व वृद्ध व्यक्तींनी लोकरी थर अंगालगतच्या सुती किंवा रेशमी वस्त्रावर घ्यावा, कान व गुडघे झाकावेत आणि सूर्योदयानंतरच बाहेर पडावे. पित्तप्रकृतीस एक थर कमी पुरतो. कफप्रकृती व स्थूल व्यक्तींस जड कपड्यांचा मोह सोडावयास लावावे आणि घाम आणणारे सूट स्पष्ट शब्दांत निषिद्ध सांगावेत.

तमकश्वासाचा वेग शीत व मेघयुक्त हवेने वाढतो, हे चरकोक्तच आहे. गार, कोरडी हवा तोंडावाटे वेगाने आत गेल्यास श्वासमार्गाचा संकोच होतो, असे आधुनिक शास्त्रही सांगते. अशा रुग्णांनी नाकतोंडावरून सैल सुती रुमाल किंवा उपरणे घ्यावे; आतील ओलसर ऊब श्वासास मऊ करते. रुमाल भिजल्यास बदलावा.

हृद्रोगी व उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत थंडीने त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित होऊन हृदयावरील भार वाढतो. त्यांनी छाती व हात झाकावेत, घरातच हळूहळू अंग मोकळे करून मग बाहेर पडावे आणि अंधारातील व्यायाम टाळावा. चालताना छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात वेदना जाणवल्यास कपड्यांचा, तेलाचा वा काढ्याचा विचार न करता त्यांस तत्काळ रुग्णालयात न्यावे.

मधुमेहींनी सुती-लोकरी मिश्र मोजे व बंद पादत्राण वापरावे, परतल्यावर तळपाय डोळ्यांनी पाहावेत आणि खिशात साखर बाळगावी. पायांची संवेदना कमी असल्यास दवाने भिजलेला मोजा त्यांस जाणवत नाही.

भरतीच्या मुला-मुलींचा सराव प्रामुख्याने पोलीस भरतीतील मुलांच्या १६०० व मुलींच्या ८०० मीटर धावण्यासाठी असतो. हे काही मिनिटांचे तीव्र कर्म असल्याने धावताना पातळ वस्त्र पुरे होते. दोन फेऱ्यांमधील विश्रांतीत मात्र जाकीट लगेच अंगावर यावयास हवे. मुलींनी कमरेवर किंवा छातीवर अति घट्ट बांधणी टाळावी, जेणेकरून श्वास मोकळा राहील. साडीवर चालणाऱ्या स्त्रियांनी पदर खोचून घ्यावा आणि पुढून उघडणारा स्वेटर वापरावा.

वर्णाविषयी एक सूचना. शीतकाळी तांबडे वस्त्र ग्रंथसंमत आहे. परंतु अंधुक प्रकाशात तांबडा रंग मानवी डोळ्यास जवळजवळ काळा दिसतो. महामार्गाच्या वा गावरस्त्याच्या कडेने पहाटे चालणाऱ्याने तांबडा स्वेटर जरूर घालावा, पण बाहेरील थर शुभ्र ठेवावा किंवा त्यावर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी लावावी आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे. ग्रंथकारांच्या काळी पहाटेच्या रस्त्यावर मालमोटारी नव्हत्या.

औषधी विक्रेत्यांस विनंती

थंडीत तैले, गुडघ्याचे पट्टे, घाम आणणारे पट्टे व सूट यांची मागणी वाढते. ग्राहक पुष्कळदा वैद्याकडे न जाता थेट दुकानात येतो, म्हणून आपला एक शब्दही मोलाचा आहे. घाम आणणारा सूट वा पट्टा मागणाऱ्यास मधुमेह, हृद्रोग, रक्तदाब किंवा गर्भावस्था आहे काय, हे विचारावे आणि असल्यास तो देऊ नये. आमच्या मते निरोगी माणसासही तो व्यायामासाठी देण्याचे कारण नाही. अभ्यंगतैल देताना ते जिरवून, पुसून मगच कपडे घालण्याची सूचना द्यावी. गुडघ्याचा पट्टा रात्रंदिवस न बांधता व्यायामानंतर सोडून त्वचा कोरडी करण्यास सांगावे.

रुग्णास द्यावयाच्या सूचना

पुढील मजकूर चिकित्सालयात किंवा दुकानात लावण्यास हरकत नाही.

१. घरातून निघताना किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे घाला.
२. दोन पातळ थर घ्या. वरचा थर पुढून उघडणारा असावा.
३. घाम फुटण्याआधी वरचा थर काढा.
४. कान, बोटे व पाय झाका. श्वास लागत असल्यास नाकतोंडावर रुमाल घ्या.
५. प्लॅस्टिकचा वा रबरी सूट व्यायामात वापरू नका.
६. व्यायाम संपताच ओले बनियन बदला, मगच जाड कपडे घाला.
७. ओल्या अंगाने दुचाकीवर बसू नका.
८. अंधारात बाहेरचे वस्त्र पांढरे असावे.
९. व्यायामाचे कपडे रोज धुऊन उन्हात वाळवा.
१०. भोवळ, गार घाम वा छातीत दडपण जाणवल्यास थांबा आणि सोबत्यास सांगा.

उपसंहार

आमचे ते रुग्ण आजही पहाटे चालतात. अंगात बनियन व पातळ स्वेटर, खिशात खडीसाखर आणि गाडीच्या डिकीत कोरडा सदरा व शाल असते. त्यांच्या औषधात आम्ही त्या वेळी काही बदल केला नाही. गोळ्यांच्या मात्रेविषयी मात्र त्यांच्या डॉक्टरांकडे पाठविले. बदल केला तो वस्त्रांचा आणि ती घालण्याच्या वेळेचा.

हे ज्ञान आपल्या परिसरास नवे नाही. डोंगरउतारावर मेंढरांमागे चालणारा धनगर घोंगडी घडी करून खांद्यावर टाकतो आणि कळप थांबला, तो बसला, की ती अंगाभोवती लपेटतो. चालताना लघु आणि थांबल्यावर गुरु, हा नियम तो ग्रंथ न वाचता पाळतो. आपल्या वैद्यबंधू-भगिनींनी यंदाच्या हेमंतात व्यायाम सांगताना प्रत्येक रुग्णास ‘काय घालून जाता?’ आणि ‘परतल्यावर काय बदलता?’ हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत, एवढीच आमची नम्र विनंती आहे.